मधली खुर्ची

सिरसाळ्याच्या वीरभद्रअप्पांचा विश्वेश्वर पुण्याहून ध्वनीचं शिक्षण घेऊन आला, तेव्हापासून त्याच्या जिभेवर एकच शब्द: अवकाश. गिऱ्हाईक तूरडाळ मागायचं, आणि हा त्याला हलगी लांबून कशी वेगळी वाजते ते ऐकवायचा. अप्पा कपाळावर हात मारून घ्यायचे. "अवकाश मोप हाय बाबा, आधी डाळ दे!"

शेवटी आई मध्ये पडली. जत्रेत पोराचं गाणं एकदा होऊ द्या, फसलं तर तो मुकाट दुकानात बसेल, असं मल्लम्मानं नवऱ्याकडून कबूल करून घेतलं. विश्वेश्वर हरखला. वेशीत हलगी, पाण्याच्या टाकीवर सनई, देवळाच्या पायऱ्यांवर भजनी मंडळ, आणि चौकाच्या बरोब्बर मध्ये एकच खुर्ची. चारी बाजूंचे सूर तिथंच येऊन भेटणार होते.

"ती खुर्ची तुझी, आई," तो म्हणाला. मल्लम्मानं ठेवणीतलं इरकल लुगडं काढलं.

आता आमच्याकडं माणूस कुठं उभा राहतो यावर त्याचा मान ठरतो, हे पुण्यात शिकवत नसावेत. सनईवाले म्हणाले, टाकीवर चढायला आमी माकडं हाव का? भजनी मंडळाला देवळाच्या आतच बसायचं होतं. हलगीवाला मुंजाजी तर उखडलाच.

"आमचे बापजादे वेशीवरच वाजवीत मेले. आता तुमी शिकून आलाव, तरी आमी वेशीवरच?"

"अहो मुंजाजी, ती वेस न्हाई, ती दिशा हाय!"

"आमाला बरी तीच दिशा येती," मुंजाजी म्हणाला. पण पोरगं हातापाया पडलं, म्हणून गेला बिचारा, आणि त्याच्या मागोमाग बाकीचेही कुरकुरत राजी झाले.

जत्रेच्या संध्याकाळी मल्लम्मा खुर्चीत बसली, पदर सावरून, अगदी परीक्षेला बसल्यासारखी. विश्वेश्वर हात वर करणार, तोच पांढरी गाडी चौकात शिरली. अमरसिंह साहेब! निवडणूक तोंडावर, आणि साहेबांना बसायला चौकात खुर्ची ती एकच. विश्वेश्वर धावला. कंबरेत असा वाकला, की अवकाश जमिनीला लागला.

"आई, ऊठ, ऊठ. साहेब आलेत. बसा साहेब, बसा!"

मल्लम्मा उठली आणि दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसली.

गाणं सुरू झालं. साहेबांच्या पाठीमागून, वेशीकडून, हलगी कडाडली. साहेब ताडकन उभे राहिले. इतकी वर्षं राजकारण केलेल्या माणसाला पाठीमागची हलगी म्हणजे एकच गोष्ट कळते: विरोधक आला.

"विजयसिंहाची मिरवणूक हाय का बे? माझ्या सभेत?"

सभा नव्हती, पण ते सांगणार कोण? कार्यकर्ते वेशीकडं धावले आणि मुंजाजीला हलगीसकट ओढत साहेबांपुढं आणून उभं केलं. तेवढ्यात टाकीवरून सनई वाजली. "वरून कोण बे?" सनईवाल्यांनाही खाली उतरवलं. हे बघून, आपणच मागं कशाला राहायचं म्हणून, भजनी मंडळ आपणहून पळत आलं. सगळे साहेबांच्या नाकासमोर खांद्याला खांदा लावून वाजवायला लागले. नुसता कालवा! विश्वेश्वर कडेला डोकं धरून उभा होता.

साहेब मात्र लई खूश. त्यांनी आपल्या गळ्यातला हार विश्वेश्वरला घातला. "वा रे पठ्ठ्या! आपल्या प्रचाराला असंच वाजवायचं. सगळं समोर!"

पोराच्या गळ्यात साहेबांचा हार बघून अप्पांचा ऊर भरून आला. पोरगं मार्गी लागलं, आता कशाला दुकानात बसवायचं, असं ते चार माणसांत बोलूनही मोकळे झाले. विश्वेश्वरलाही हळूहळू ते पटत गेलं. हार न काढताच तो ओट्यावर आईकडं गेला.

"आई, हितून काही ऐकू आलं का गं?"

"सनई न्हाई आली, भजन न्हाई आलं," मल्लम्मा इरकलाची घडी बसवत म्हणाली. "तुझा आवाज तेवढा साफ आला. 'आई, ऊठ.'"