अर्ध्यावर अंगठा

आमच्या घरात चौघंजण एकच गेम खेळायचे आणि चौघांचे खेळ मात्र चार.

धाकटे भाऊजी जिंकायला बसायचे. पडद्याच्या कोपऱ्यात ताऱ्यांचा आकडा दिसायचा, त्यावरून त्यांची नजर हलेल तर शपथ. लेकीला जिंकण्याशी काही देणंघेणं नव्हतं. ती प्रत्येक गुहेत डोकावणार, प्रत्येक दगडामागे जाणार, नकाशाचा एखादा कोरा कोपरा उजळला की बाईसाहेब खूश. आणि आमचे हे? नुसता चावटपणा. कुणाची बाहुली काठाशी दिसली की मागून ढकलायची आणि सोफ्यावर लोळून हसायचं. साठीला आलेला माणूस!

मी अंगठ्यासाठी खेळायचे.

कोट शिवणाऱ्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं हाताने काजं करतेय. बटणाचं घर म्हणतात ना, ते. वर्षाच्या सुरुवातीला माझ्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय परत आला, तोंड सरळ झालं (बोलणं बंद पडलंच नव्हतं, असं हे सगळ्यांना सांगतात), पण डावा अंगठा रुसून बसला. काज करताना उजव्या हातातली सुई सगळ्यांना दिसते. कापडाची कड डावा अंगठा दाबून धरतो, ते कुणाच्या लक्षातही येत नाही. जोर जास्त झाला की कापड गोळा होतं, कमी पडला की कड निसटते.

मालकीणबाईंनी निरोप धाडला होता, "सोमवारी या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एका कोटाची चार काजं करून दाखवा. जमली तर टेबल तुमचं, नाही तर मी काजांचं मशीन मागवते."

हॉस्पिटलात व्यायाम शिकवणाऱ्या पोरीनेच गेम सुचवला. रिमोटवरची डावी दांडी अंगठ्याने अर्ध्यावर धरायची. पूर्ण ढकलायची नाही, सोडायचीही नाही. गेममध्ये एका फळीचा पूल होता, तिथे नेमकं हेच लागायचं. दांडी पूर्ण ढकलली की माझी बाहुली धावत सुटायची आणि धपकन पाण्यात. सोडली की वाऱ्याने कलंडायची. चौघं पलीकडे गेल्याशिवाय पुढचं दार उघडायचं नाही. आठ दिवस तिघं पलीकडे आणि मी पाण्यात.

शुक्रवारी मी औषध घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येते तर गेममधलं ते दार उघडलेलं.

"वहिनी, काम फत्ते!" भाऊजी माझा रिमोट हातात घेऊन उभे. "दोन मिनिटांत नेलं तुमच्या बाहुलीला पलीकडे. आता तुम्हाला त्रास नको."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "पलीकडे जायचं होतं कुणाला, भाऊजी? सोमवारी माझ्या टेबलावर तुम्ही येऊन बसणार आहात का?"

"अहो, मी तुमच्या भल्यासाठीच..."

"कळलं मला. म्हणूनच जास्त राग आलाय."

मी रिमोट ओढून घेतला. सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करायचं का, असं गेमने दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हटलं. घरात एकच गलका झाला. भाऊजींचे एकशे ऐंशी तारे गेले, लेकीचा नकाशा गेला. यांचं तेवढं काही बिघडलं नाही, ढकलायला माणसं तीच होती.

भाऊजी दिवसभर फुगून बसले. शनिवारी मुकाट्याने येऊन रिमोट हातात घेतला. रविवारी दुपारी आम्ही पुन्हा पुलाशी पोहोचलो. मी अकरा वेळा पडले. भाऊजींचे हात इतके शिवशिवत होते की शेवटी ते स्वतःच्या हातांवरच बसले. बाराव्या वेळी मी अर्ध्या पुलापर्यंत गेले आणि पडले. पूल काही ओलांडला गेला नाही.

सोमवारी कारखान्यात तीन काजं बरी उतरली. चौथ्याला अंगठा थकला आणि कापड एका बाजूला गोळा झालं. मालकीणबाईंनी कोट उचलून पाहिला.

"चालेल हो. बटणाखाली झाकलं जाईल. एवढं आजारपण काढलंत तुम्ही."

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. टेबल समोर होतं, नुसती मान हलवायची होती. पण माझ्या हातात रिमोट नव्हता आणि तरी कुणीतरी तो माझ्याकडून काढून घेतंय असं वाटलं.

"बाई, हे काज मी उसवते," मी म्हटलं आणि कात्री घेतली.

"सुट्टीला वीसच मिनिटं उरलीत."

"असू देत."

उसवलेली कड भुसभुशीत झाली होती, ती धरणं आणखी अवघड. मी अंगठा ठेवला. पूर्ण नाही, सैल नाही. टाका, फास, ओढ. टाका, फास, ओढ. घंटा झाली, सगळ्याजणी उठल्या. माझे तीन टाके बाकी होते. मालकीणबाई टेबलाशीच उभ्या राहिल्या. मी शेवटची गाठ मारल्यावर त्यांनी बटण काजातून घातलं आणि दोन्ही बाजूंनी कापड ताणून बघितलं.

"मशीन राहू दे," त्या म्हणाल्या. "उद्या वेळेवर या."

घरी आले तर टीव्ही चालू होता. तिघांच्या बाहुल्या पुलाच्या अलीकडे ओळीने उभ्या.

"सकाळपासून इथेच थांबलोय, वहिनी," भाऊजी म्हणाले. "एक तारासुद्धा वाढवलेला नाही."

या माणसाच्या तोंडून हे ऐकून मला रडूच आलं. तशीच चप्पल काढून बसले. बाहुली फळीवर चढली. पाहते तर यांची बाहुली माझ्या मागोमाग.

"ढकललंत तर याद राखा!"

"नाही गं," हे म्हणाले. "वाऱ्याला आडोसा म्हणून उभा आहे."

गेममध्ये वारं असं अडत नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी अंगठा अर्ध्यावर धरला आणि चालू लागले.