खिंडीपलीकडची जनावरं

नंदकला ऐडीचा फोन सकाळी सहाला वाजायला लागायचा तो दुपारच्या जेवणापर्यंत थांबायचा नाही. टाळेबंदीचा तिसरा महिना चालू होता. काठमांडूतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत ती आणि तिचा नवरा जयलाल अशी दोघंच, आणि फोनच्या पलीकडे अख्खा जिल्हा. कर्णालीच्या पार वरच्या टोकाला, जिथे अजून मोटार पोचलेली नाही, तिथून ती संसदेवर निवडून आली होती. त्याआधी एकवीस वर्षं तिथल्याच शाळेत गणित शिकवलं होतं. त्यामुळे निम्म्या मतदारांना ती अजून मास्तरीणच वाटायची, आणि बोलायला सुरुवात करताना ते जरा चाचरायचे.

तक्रारी साऱ्या एकाच वळणाच्या असत. भारतातून परतलेली माणसं शाळांच्या फरशीवर विलगीकरणात झोपलीत, तिथे पाणी नाही. क्षयाच्या गोळ्या संपल्या. विमानं बंद, म्हणून मीठ वर आलं नाही. कोण, कुठून, काय, असं सगळं ती वहीत उतरवून घ्यायची.

आषाढातल्या एका सकाळी एका बाईचा फोन आला. तिच्या आवाजामागे वारा घोंगावत होता.

"माननीय ऐडी का?"

"हो. कुठून बोलताय?"

"वरच्या खोऱ्यातून. डोझाम गाव. मी याङ्झोम. आमचे याक परदेशात अडकलेत, दिदी. ते आणायचेत."

नंदकलाची पेन्सिल थांबली. "कोण अडकलंय म्हणालात?"

"याक."

"माणसं नाहीत?"

"माणसं इथेच आहेत. तोच तर घोळ झालाय."

एवढ्यावर फोन तुटला. नंदकलाने वहीत 'याक' लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि बराच वेळ त्याकडे बघत बसली. जयलाल चहा घेऊन आला.

"माननीय, आज हसताय. कुणी तक्रार मागे घेतली की काय?"

"तुला ठाऊक आहे का, वरच्या खोऱ्यातले लोक हिवाळ्यात याक कुठे ठेवतात?"

"मला कसं ठाऊक असणार? खासदार तू आहेस."

ते तिला लागलं. तिचं माहेर त्याच जिल्ह्यात, पण चार दिवसांच्या वाटेवर खाली, जिथे ज्वारी-बाजरीसारखी धान्यं पिकतात आणि म्हशी पाळतात. वरच्या खोऱ्यात ती एकदाच गेली होती, निवडणुकीच्या वेळी. एक रात्र राहिली, पूल देईन म्हणाली आणि परत फिरली. ती माणसं जगतात कशावर, हे विचारायचं तिला सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास याङ्झोमचा पुन्हा फोन आला. गावात आवाज पोचत नव्हता, म्हणून ती दीड तास चढून डोंगराच्या धारेवर येत होती. नंदकलाने इतर फोन बाजूला ठेवले आणि तिला सुरुवातीपासून सांगायला लावलं.

गोष्ट अशी होती. दर कार्तिकात डोझामची जनावरं खिंड ओलांडून उत्तरेला चीनच्या हद्दीतल्या कुरणांवर जात, कारण तिकडे बर्फ कमी पडतो. आजोबा-पणजोबांपासूनचा शिरस्ता. तिथे गावाचा एक मीत होता, देवासमोर मैत्रीची गाठ बांधलेला मित्र, तो लक्ष ठेवायचा. गावचे दोन-तीन गुराखी आळीपाळीने तिकडे राहत. माघात हे गुराखी सणासाठी घरी आले आणि मागच्या मागे रोगापायी खिंड बंद झाली. वैशाखात जनावरं परत यायला हवी होती. दोनशेच्या वर याक आणि माद्या पलीकडे, माणसं अलीकडे.

"जिवंत आहेत का?" नंदकलाने विचारलं.

"कोण सांगणार? मीताचा फोन लागत नाही."

"आणि तुम्ही ओळखता कशी? तिकडच्यांचे पण याक असतीलच ना त्याच कुरणात?"

पलीकडे याङ्झोम हसली. "दिदी, तुमच्या वर्गात पोरं किती होती?"

"साठ."

"मग?"

नंदकलाने मंत्रालयात फोन लावला. उपसचिव लुइंटेल नावाचे गृहस्थ भेटले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "माननीयज्यू, लिहून काहीतरी हवं. संख्या, वर्णन, आपलीच आहेत याचा पुरावा."

"त्यांच्याकडे नागरिकत्वाचा दाखला नाही हो."

"तरी पण काहीतरी."

मग रोज सकाळी दहा वाजता याङ्झोम धारेवरून नावं सांगू लागली आणि नंदकला लिहू लागली. एकेका घराची जनावरं. सेर्मो, कारण अंग सोनेरी. कारमो, पांढरी. ल्हामो, देवीला सोडलेली, तिच्यावर कुणी ओझं लादत नाही. पेमा ही याङ्झोमची स्वतःची.

"पेमा का?"

"माझी आत्या पेमा. ही जन्मली त्या दिवशी आत्या भांडून आमच्याकडे राहायला आली. दोघी सारख्याच हट्टी."

नंदकला विचारत सुटायची. कानात लोकरीचा गोंडा कुठल्या रंगाचा? हाक कशी मारता? दूध किती देते, ते करता काय? याङ्झोमला आधी वाटलं की बाई चेष्टा करतेय. मग तीही रंगली. जेवताना नंदकला जयलालला सांगे की याकला उकाडा सोसत नाही, धाप लागते. जयलाल म्हणे, "मलाही काठमांडूत तेच होतं, माझं नाव लिहिलंस का यादीत?"

संसदेत बोलायची पाळी बुधवारी आली. पक्षाच्या प्रतोदाने निरोप दिला, "एक मिनिट आहे. विलगीकरणावर बोला. तुमच्या भागात हाल आहेत."

हाल होतेच. वहीची पानं भरली होती. एका शाळेत नव्वद माणसांत एक नळ होता आणि तोही दिवसाआड. आदल्या दिवशी तिने याङ्झोमला सरळच विचारलं, "माणसं फरशीवर पडलीत, बहिनी. मला एकच मिनिट आहे. त्यात मी याकचं बोलू?"

याङ्झोम म्हणाली, "माणसांचंच बोला. पण दिदी, माणसांचं बोलणारे तिथे आणखी असतील. जनावरांचं कोण बोलणार? आणि ती गेली, तर पुढच्या साली आमची पोरंही भारतात जातील आणि अशीच फरशीवर येऊन झोपतील."

बुधवारी दारात ताप मोजला, हातावर औषध ओतलं. आत एक खुर्ची सोडून एक माणूस. नंदकलाने मुखपट्टी नीट केली, उभी राहिली आणि पहिली चाळीस सेकंदं पाणी, गोळ्या, मीठ यांना दिली. मग म्हणाली, "सभामुख महोदय, आमच्या डोझाम गावच्या दोनशेच्या वर जिवांना खिंड बंद झाल्यामुळे परत येता येत नाही. माघापासून त्यांची खबर नाही. त्यांची नावं माझ्याकडे आहेत. सेर्मो, कारमो, ल्हामो, पेमा..."

मिनिट संपलं आणि ध्वनिक्षेपक आपोआप बंद झाला. याक हा शब्द तिच्या तोंडातच राहिला. सभामुखांनी पुढचं नाव पुकारलं होतं.

ती हिरमुसून घरी आली. जयलालने नाचणीच्या पिठाचा गरम ढिंडो वाढला.

चौथ्या दिवशी लुइंटेलांचा फोन. आवाजात घाई होती. "माननीयज्यू, अडकलेल्या महिलांची फाइल वर गेलीय. चौघींची नावं नोंदीत आहेत, बाकीच्यांची द्या. पारपत्र नसेल तर वय आणि वडिलांचं नाव चालेल."

"कुठल्या महिला?"

"ल्हामो, पेमा वगैरे. आपण सभागृहात बोललात ना."

नंदकला खाटेवर बसली. गप्प राहिलं तर फाइल पुढे सरकेल, हे तिला कळत होतं. शाळेत पोरांना एकवीस वर्षं पायऱ्या दाखवल्याशिवाय उत्तर लिहू दिलं नव्हतं, हेही आठवलं. आणि खिंडीवर कुणी अधिकारी माणसं न्यायला आला आणि समोर याक उभे राहिले, तर पुढच्या वेळी डोझामचं कोण ऐकणार?

"लुइंटेलज्यू, त्या याकच्या माद्या आहेत. मी तुम्हाला आधी सांगितलं होतं, तीच जनावरं."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"चारही?"

"चारही. पेमा जरा हट्टी आहे."

लुइंटेल हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "दूध देतात?"

"देतात. म्हशीपेक्षा कमी, पण दाट."

"आमच्या गावाकडे, खोटाङला, म्हैस होती. तिचं नाव माझ्या बहिणीने ठेवलं होतं." ते घुटमळले. "मी टिपण दुरुस्त करतो. महिला खोडून पशुधन लिहितो. फाइल मात्र खाली आणत नाही. वर गेलेली फाइल खाली आणायला आणखी चार सह्या लागतात."

तिने पूर्ण यादी पाठवून दिली. त्यानंतर दोन महिने कुणी काही बोललं नाही. अधिवेशन संपलं. नंदकला दर आठवड्याला लुइंटेलांना फोन करी. पत्र तिकडे गेलंय, एवढंच ते सांगत.

भाद्रपदात एका सकाळी याङ्झोमचा फोन आला. या वेळी ती धापा टाकत होती. "आली, दिदी."

"सगळी?"

"नाही. तीसेक कमी आहेत. हिवाळ्यात मेली असतील, काही तिकडे मिसळली असतील. पण बाकीची आली."

"कशी? सगळं सांग, गाळू नकोस."

पलीकडच्या शिपायांनी जनावरं सीमेच्या दगडापर्यंत हाकली आणि ते मागे गेले. दगडाला शिवायची कुणालाच परवानगी नव्हती. डोझामची माणसं अलीकडे उभी राहिली आणि आपापल्या जनावरांची नावं घेऊन ओरडू लागली. जनावरं आधी नुसतीच बघत राहिली. सात महिन्यांत आवाज विसरली असतील, असं सगळ्यांना वाटलं. मग एक म्हातारा याक खाली मान घालून चालू लागला आणि मागून कळप.

"कुणामुळे झालं हे? पत्रामुळे?"

"कोण जाणे. तुमच्या कागदामुळे असेल. नाहीतर मीताला त्यांना चारून कंटाळा आला असेल." ती थांबली. "तीन वासरंही आलीत. त्यांना नावं नाहीत अजून."

विमानं सुरू झाली होती. दशैंचा सण उरकल्यावर नंदकला जिल्ह्यात गेली आणि चार दिवस चालून डोझामला पोचली. याङ्झोम तिने मनात धरली होती तशी नव्हतीच. ठेंगणी, दात पडलेली, वयाने तिच्याहून लहान. लोकांनी पुलाचं विचारलं, ते तिने मान खाली घालून ऐकलं. पेमाने तिला जवळ येऊ दिलं नाही. ती मात्र कुंपणावर हात ठेवून कितीतरी वेळ त्या जनावरांचे श्वास बघत राहिली.

मग तिने विचारलं, "कार्तिक लागला. खिंड तर बंदच आहे. यंदा कुठे नेणार?"

याङ्झोम म्हणाली, "जागा एकच आहे. तुमच्या माहेरच्या गावाच्या वरचं रान. तिथे बर्फ टिकत नाही. पण खालच्या गावाने ठराव केलाय ना, वरच्यांची जनावरं येऊ द्यायची नाहीत. आमच्याकडे त्याची प्रत आहे."

तिने ती आणून दाखवली. बारा वर्षांपूर्वीचा कागद, अक्षर रेखीव. नंदकलाने पहिली ओळ वाचली आणि तिच्या लक्षात आलं की हे आपलंच अक्षर आहे. वन समितीच्या बैठकीत मास्तरीण म्हणून ती लिहायला बसली होती. 'वरचे लोक' असं तिने लिहिलं होतं, आणि ते लोक कोण, हे विचारलं नव्हतं.

"तू हे पहिल्यापासून जाणतेस?"

"खाली सही आहे तुमची," याङ्झोम म्हणाली. "म्हणून तर तुम्हालाच फोन केला."

दुसऱ्या दिवशी दोघी खाली निघाल्या आणि चार दिवसांनी माहेरी पोचल्या. समितीचा अध्यक्ष नंदकलाचा थोरला भाऊ, मानधोज. तो अंगणात बसून लोकर कातत होता. बहीण आली म्हणून खूश झाला, पण काम ऐकल्यावर चाती थांबली.

"ठराव आहे, नंदा."

"ठाऊक आहे, दाजु. मी लिहिलाय."

"मग तूच सांग, गावाला काय तोंड दाखवू? आमच्याच म्हशींना चारा पुरत नाही."

नंदकला त्याच्यासमोर जमिनीवर बसली. मानधोजने पुन्हा चाती फिरवली, पुन्हा थांबवली.

"ती जनावरं गवत मुळासकट उपटतात की वरवरचं खातात?"

"मला नाही माहीत."

"मग कुणाला माहीत?"

"ती बाहेर उभी आहे. कुंपणाशी."

मानधोजने वळून बघितलं. "पाहुणीला बाहेर कशाला उभी ठेवलीस?" म्हणत त्याने बाजूची चटई झटकली आणि याङ्झोमला हाक मारली. ती येऊन बसते न बसते तोच त्याने विचारलं, "बर्फाखालचं गवत त्यांना सापडतं कसं?"

याङ्झोमने एकदा नंदकलाकडे बघितलं, मग हाताच्या पंज्याने जमीन खरवडून दाखवायला लागली.