एका बीचं झाड

मे महिन्यात निशिगंधाने नवऱ्यासाठी झाड निवडलं, तेव्हा ते पांढऱ्या फुलांनी गच्च भरलं होतं. झाडांखाली रक्षा पुरण्यासाठी राखलेल्या रानाच्या कडेचं, उन्हातलं. बाकीची झाडं पाहायच्या मनःस्थितीत ती नव्हतीच. सिद्धांतची रक्षा त्या झाडाच्या मुळाशी पुरली आणि खोडावर पत्र्याचा नंबर लागला. इथल्या जर्मन शिस्तीवर तिचा फार विश्वास.

ऑगस्टच्या वादळानंतर सफाई करणाऱ्यांनी मोडक्या फांद्यांबरोबर त्या कडेचे सगळे नंबरही काढून नेले. आता नोव्हेंबर, आणि सिद्धांतची आई, वसुधाताई, नाशिकहून गोदेच्या पाण्याचा गडू घेऊन आलेल्या. उद्या त्यांचं परतीचं विमान.

"रानाचं ऑफिस काय म्हणालं?"

"आल्झो... म्हणजे, सोमवारी नकाशा घेऊन माणूस पाठवतील, आई."

"सोमवारी मी नाशकात असेन, निशी."

निशिगंधाने फोनवर करारपत्र उघडलं. झाड वाइसडॉर्न, इथलं देशी, एका बीचं. म्हणजे काटे, लाल फळं आणि फळात बी एकच. दोन बियांची जात वेगळी. तिच्या जिवात जीव आला.

"आई, फळं फोडून बघू या."

कडेला काटेरी झाडं आठ. एकाची फळं निळी, ते बाद. एक रानगुलाब, फळात केसाळ बियाच बिया, तोही बाद. उरली सहा. वसुधाताई नखाने फळ फोडायच्या, बी तळहातावर घ्यायच्या आणि म्हणायच्या, "एकच." सहाव्यातही एकच निघाली. निघणारच. रानाच्या उन्हाच्या कडेला मूळचं हेच तर वाढतं. ओळख बिनचूक पटली होती आणि तिचा काडीचाही उपयोग नव्हता.

"तेव्हा आजूबाजूला पाहिलं नाहीस का गं?" वसुधाताईंच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

"नाही पाहिलं, आई."

वसुधाताईंनी गडू उघडला. "मग सगळ्यांनाच घालू. त्यातलं एक त्याचं असेलच."

थोडं थोडं करत त्या पुढे सरकल्या. पाचव्या झाडाशी पाणी संपलं. सहाव्यापुढे त्या रिकामा गडू उपडा धरून उभ्या राहिल्या.

"आणि हेच असलं तर?"

निशिगंधाच्या पिशवीत सुपरमार्केटची पाण्याची बाटली होती. तिने झाकण फिरवलं, तर फस्सकन बुडबुडे वर आले. तरी तिने ती पुढे केली.

वसुधाताईंनी बाटलीकडे पाहिलं, मग झाडाकडे.

"नको," त्या म्हणाल्या. "हे सोड्याचं पाणी त्याला कधीच आवडलं नाही. दर फोनवर सांगायचा."