थोरली की धाकटी

आमच्या ह्यांना काहीही मोठं दिसलं की ते आवडतं. बाजारात गेले तर अख्खी सुरमई घेऊन येतील, खाणारी माणसं घरात तीन. मोर्चाला गेले तर सगळ्यांत मोठा झेंडा ह्यांच्याच हातात. त्या झेंड्यानंच घात केला. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात पुढे चालणारे हे गिरणीच्या मॅनेजरला लांबूनच ओळखू आले आणि शेजारून चालणारे आनंदाभावजीही. दोघांनाही एकाच दिवशी गेटाबाहेरचा रस्ता दाखवला.

आनंदाभावजी म्हणजे ह्यांचे वीस वर्षांचे जोडीदार. एकच खातं, एकच पाळी. मधली चार वर्षं भावजी लढाईत ब्रह्मदेशाकडे मिलिटरीचा ट्रक चालवून आले आणि परत ह्यांच्याच शेजारी येऊन उभे राहिले. राहायला वरळीच्या बीडीडी चाळीत. मागल्या वर्षी नागपूरला जाऊन त्यांनी आणि त्यांची बायको कमल हिनं दीक्षा घेतली. त्यांच्या घरातला देव्हारा गेला, बुद्धाची तसबीर आली. आमच्या जाण्यायेण्यात, ताटावाटीत मात्र काही फरक पडला नाही. निदान मला तसं वाटत होतं.

नोकरी गेल्यावर दोघांनी भागीदारीत मालाची गाडी घ्यायचं ठरवलं. ह्यांना गाडी चालवायला भावजींनीच शिकवलं. लालबागेत आमच्या खोलीत चहा पिताना भावजी म्हणाले, "कोंडीराम, एकच अट. धंद्यात देव आणायचा नाय. जे ठरवायचं ते आपण दोघांनी, समोरासमोर बोलून."

"मंजूर," हे म्हणाले. मंजूर म्हणायला ह्यांना कधी वेळ लागत नाही.

मला गाडीचं काही नव्हतं. मला धास्ती होती ती ही जोडी फुटण्याची. गिरणी सुटल्यावर हा माणूस भावजींशिवाय चार दिवस तरी धड उभा राहील, असं मला वाटत नव्हतं, आणि आजही वाटत नाही.

कॉटन ग्रीनला एका पारशी दलालाच्या गोदामात दोन गाड्या विकायला होत्या. एक लढाईतली मिलिटरीची, छातीएवढ्या चाकांची, मागे ओढायला लोखंडी आकडा. दुसरी लहान, पुढे दोघांना बसायला जागा आणि मागे उघडा हौदा. आम्ही एकीला थोरली म्हणायला लागलो, दुसरीला धाकटी. बावाजी भला माणूस. म्हणाला, एकेक दिवस चालवून बघा, मग सोमवारी काय ते सांगा.

पहिल्या दिवशी थोरली. गोदामाजवळच रुईच्या गाठी भरलेली एक लॉरी बंद पडली होती. ह्यांनी तिला साखळी लावली आणि लालबागेतून करी रोडच्या पुलावर अशी ओढून नेली की पोरंटोरं मागे धावत सुटली. संध्याकाळी घरी आले ते मिशीला पीळ देतच.

"कांता, मागे लॉरी हाय की नाय ते कळत पण नव्हतं! थोरली झालीच पाहिजे!"

घोषणा द्यायची सवय अंगवळणी पडलेली, दुसरं काय!

पण त्याच दिवशी दुपारी काय झालं ते मला कमलकडून कळलं. ठाकूरद्वारला एका वाडीतून कुणाचं तरी शिसवी कपाट न्यायचं होतं. थोरली वाडीत शिरली खरी, पण वळणावर अडकली. पुढे देऊळ, मागे नळ. अख्खी वाडी गॅलरीत उभी. एक म्हातारे गृहस्थ उपरणं सावरत खाली आले आणि म्हणाले, "अहो, कपाट न्यायला आलात की वाडी जिंकायला?" शेवटी भावजींनी इंच इंच करून गाडी उलटी बाहेर काढली आणि कपाट हमालांच्या डोक्यावरून रस्त्यापर्यंत आणलं. पेट्रोल तर ती ताकासारखं प्यायली.

दुसऱ्या दिवशी धाकटी. काय गुणाची! त्याच वाडीत गेली, वळली आणि आली. गिरगावातून दादरला भाजी, दादरहून परळला पिठाची पोती, कुठे अडली म्हणून नाही. कमल आणि मी पुढच्या सीटवर बसून चौपाटीपर्यंत फिरूनही आलो. मला ती मनापासून आवडली, पण मला विचारतंय कोण? मग मागे ट्रॉली जोडून चार गाठी घेतल्या आणि पुलावर चढवली. अर्ध्यावर ती थांबली, घरघरली आणि चक्क मागे यायला लागली. बाजूचा हातगाडीवाला म्हणाला, "काय शेठ, धक्का देऊ?" तो शब्द ह्यांच्या फार जिव्हारी लागला.

त्या रात्री जेवताना भांडण. भावजी म्हणत धाकटी, हे म्हणत थोरली. हे म्हणत, एक लॉरी ओढली की आठवड्याचं सुटतं. भावजी म्हणत, आणि रोज काय त्या लॉऱ्या तुझ्यासाठी बंद पडणार? बोलणं काही संपलं नाही. शनिवारी परत बसू, असं ठरवून ते वरळीला गेले.

आता मधे कुशाबा आले. कुशाबा म्हणजे आमच्या गावचे गुरव. मोतीबिंदू काढायला मुंबईला आले होते आणि लालबागेत आमच्या गावकऱ्यांच्या सामाईक खोलीवर उतरले होते. आमच्या कोकणात कौल लावल्याशिवाय कुणी विहीरही खणत नाही. नारळ मांडायचा, त्यावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि देवाला प्रश्न घालायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. डोळ्याला पट्टी बांधून बसलेल्या म्हाताऱ्यासमोर अख्ख्या गिरणगावातले गाववाले रांग लावून बसत. मी रोज त्यांना भाकरी आणि कालवण पोचवत असे.

शुक्रवारी मी डबा घेऊन गेले तर कुशाबा हसत म्हणाले, "तुजो घोव काल इललो गो. कौल लावक."

हे कौल लावायला गेले होते! मी विचारलं, "गाडीचो?"

"गाडीचा नाव पण नाय काढल्यान. इचारल्यान, आनंदाचा ऐकू काय? उजवी पडली. ऐक म्हणान सांगितलंय."

परत येताना मला इतका आनंद झाला! अट मोडली ती मोडली, पण विचारलं काय तर मित्राचं ऐकू का. एवढा मोठ्या गाडीचा हट्टी माणूस, आणि त्यानं हट्ट सोडायची परवानगी मागितली. मला वाटलं, आता सगळं सुरळीत होणार.

शनिवारी भावजी आले. बसतात न बसतात तोच हे म्हणाले, "धाकटी घेऊ."

भावजी बघतच राहिले. "त्या रात्री थोरलीशिवाय बोलत नव्हतास. आता काय झालं?"

"काय नाय. धाकटी बरी."

"का बरी?"

"बरी म्हणजे बरी. तूच म्हणत होतास ना?"

"माझं सोड. तुला का बरी वाटते?"

हे भिंतीकडे बघत बसले. गुरव लालबागेत उतरलेत हे भावजींना ठाऊक होतं; त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "कोंडीराम, तू कौल लावलास."

"नाय."

ह्यांना खोटं बोलता येत नाही. कानाच्या पाळ्या लाल होतात. मला राहवेना. मी मधे पडले आणि मोठ्या प्रेमानं सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "भावजी, लावला कौल, पण गाडीचा नाही हो! तुमचं ऐकू का, एवढंच विचारलं त्यांनी. देव म्हणाला, ऐक."

मी हसत होते. भावजी हसले नाहीत. टोपी उचलून उभे राहिले.

"वीस वर्षं एका ठिकाणी राबलो, कोंडीराम," ते म्हणाले. "माझं ऐकायला तुला देवाला विचारावं लागलं?"

आणि गेले. आवाज चढवून गेले असते तर बरं झालं असतं. जिन्यावरून त्यांची पावलं नेहमीसारखीच वाजली. मला माझ्या जिभेचा इतका राग आला की काय सांगू! पण जीभ तोडून टाकली तरी खरं ते खरंच होतं. गावातल्या कुणा मावसभावाचं ऐकायचं असतं, तर हे गुरवाकडे गेले असते का? हे मी ह्यांना तोंडावर विचारलं. मोठ्ठा माणूस पाटावर लहान होऊन बसला होता.

रविवारी सकाळी न जेवता हे उठले, सदरा घातला. मी विचारलं, "कुठे?" म्हणाले, "वरळीला. तू पण चल. मला एकट्याला जमायचं नाय."

भावजींच्या दारात कमलनं आम्हाला बघितलं आणि चहाचं आधण ठेवलं. भावजी खाटेवर बसले होते. ह्यांना 'बस' म्हणाले नाहीत. हे उंबऱ्यातच उभे राहिले.

"आनंदा, मी माझ्या तोंडानं भांडायला आलोय. मला थोरली पायजे. धाकटी पुलावर मागे आली, लोक हसले, मला ते सहन नाय झालं. आता तू बोल."

भावजींनी खाटेवर सरकून जागा केली.

आणि काय भांडले म्हणून सांगू! पेट्रोल, टायर, आकडा, वाड्या, पूल, सगळं निघालं. ह्यांनी विचारलं, पुलावर ती परत मागे आली तर? भावजी म्हणाले, तर तुला उतरवून तुझा झेंडा चाकाखाली लावू. शेजारपाजारचे डोकावून गेले. कमलनं मला स्वयंपाकाच्या कोपऱ्यात ओढलं आणि आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसत बसलो. आदल्या दिवशीपासून छातीवर होतं ते ओझं तिथे थोडं उतरलं.

शेवटी भावजी म्हणाले, "हे बघ, चार वर्षं मी त्या मिलिटरी गाड्यांवर काढली. ओढण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाय, कबूल. पण पुलावर चार गाठी जड झाल्या तर आपण दोन-दोन करून दोनदा नेऊ. ओझं अर्धं करता येतं रे. ठाकूरद्वारची गल्ली दुप्पट कशी करशील?"

ह्यांनी डोकं खाजवलं. बोटांवर काहीतरी मोजलं.

"पटलं," हे म्हणाले.

"कुणाचं?"

"तुझं पटलं. दुसऱ्या कुणाचं पटणार?"

भावजींनी मान खाली घातली. म्हणाले, "मग जा, तुझ्या देवाला पण कळवून ये."

ह्यांनी भावजींच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"त्याला आधीच ठाऊक होतं," हे म्हणाले. "मलाच उशीर झाला."