काचेच्या कपाटातली गोरेगावची पेटी

मी एक जुनी पेटी आहे. कपडे ठेवायची नव्हे, बाजाची. भाता हलवला की जी गाते ती. सध्या माझा मुक्काम जर्मनीतल्या एका लहानशा गावी, तिथल्या शाळेच्या मोठ्या दालनात, काचेच्या कपाटात आहे. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, काय भाग्य आहे हिचे! परदेशात राहते, डोक्यावर दिवा आहे, अंगावर धुळीचा कण नाही. भाग्याचे राहू द्या, आधी माझी हकिगत ऐका. मराठीत बोलायची संधी मला फार दिवसांनी मिळते आहे, तेव्हा थोडे पाल्हाळ झाले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म हिंगोलीचा. मोहनसिंग नावाचे कारागीर गुरुद्वाऱ्यातल्या पेट्या दुरुस्त करत, त्यांनी मला घडवले. सागवानाचे अंग, पितळेचे सूर आणि कातड्याची किनार लावलेला भाता. सगळे नीट जमले होते, फक्त मधला धैवत तेवढा हट्टी निघाला. त्याची पट्टी दाबली की दबूनच राही, बोटाने वर उचलावी लागे. मोहनसिंगांनी ती दोनदा घासली, मग हसून गिऱ्हाइकाला म्हणाले, "ये लड़की थोड़ी ज़िद्दी है, मास्टरजी. प्यार से बजाना."

ते गिऱ्हाईक म्हणजे हिंगोलीजवळच्या गोरेगावच्या शाळेतले रत्नपाल गुरुजी. गुरुजी शिकवायचे भूगोल, पण जीव सगळा गाण्यात. त्यांनी मला जीपमध्ये मांडीवर घेतले आणि गावापर्यंत खाली ठेवले नाही. शाळा सुटल्यावर वर्गातले बाक भिंतीला लावून ते मुलामुलींना गाणी शिकवू लागले. पूर्णेच्या काठची गाणी, पेरणीची गाणी आणि गुरुजींनी स्वतः बांधलेले हळद काढणीचे गाणे. ते गाणे सुरू झाले की बाहेर बांधलेले बैलसुद्धा कान हलवत. ही मात्र माझी बढाई आहे, बैल माश्या हाकलत असतील.

भाता धरायला गुरुजींनी मंजुषा नावाच्या मुलीला बसवले. शेतकऱ्याची लेक, अंगाने काडी, पण बोटांत सूर होता. पुढे गुरुजींनी तिला वाजवायलाही शिकवले. "मंजे, हळू हालव भाता. पेटीला दम लागून राहिला," असे ते म्हणत आणि ती जीभ चावून हात हलका करी. माझा हट्टी धैवत तिच्यासारखा कुणालाच कळला नाही. उजव्या हाताने वाजवता वाजवता ती करंगळीने तो असा अलगद उचले की ऐकणाऱ्याला पत्ताही लागू नये.

मंजुषाची एक गोष्ट इथेच सांगून ठेवते, कारण पुढे तिचीच गरज पडणार आहे. समूहगानाच्या स्पर्धेत आमचा पहिला नंबर आला, तेव्हा मुख्याध्यापक तातेराव सरांनी पेढे वाटले. सरांनी पेढा पुढे करताच मंजुषाने तो घेतला आणि तोंडात टाकला. तिची आई पार्वतीबाई मागेच उभी होती. तिने लेकीच्या दंडाला असा चिमटा काढला की पोर कळवळली.

"कोन्ही दिलं की लगेच हात पुढं करतेस व्हय गं? दोनदा न्हाई म्हणावं, तिसऱ्यांदा घ्यावं."

"बराबर आहे, पार्वतीबाई," तातेराव सर म्हणाले. "लेकराला वळण पाहिजेच."

आमच्याकडची ही रीतच आहे. देणाऱ्याने आग्रह करायचा, घेणाऱ्याने नको नको म्हणायचे आणि दोघांनाही ठाऊक असते की हे असेच चालायचे. त्या दिवसापासून मंजुषाने कुणाचे काही पहिल्या बोलण्यात घेतले नाही.

त्याच स्पर्धेत आमचे गाणे ऐकून कुणीतरी आमचे नाव जर्मनीला कळवले. तिथे एका गावात देशोदेशीच्या शाळकरी मुलांच्या गाण्यांचा महोत्सव भरणार होता. शहाण्णव सालचा उन्हाळा होता. बोलावणे आले तेव्हा गोरेगावात जो तो एकमेकांना विचारी, जर्मनी शेजारच्या सेनगावच्या कोणत्या बाजूला? पार्वतीबाईने आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याची मला खोळ शिवली. लाल काठ बरोबर माझ्या पुढच्या बाजूला आला होता. मला पाहायला बायका येत आणि नवरीसारखी दिसते म्हणत. मीही लाजले असते, पण लाकडाला ते जमत नाही.

मग जीप, रेल्वे आणि विमान. विमानाच्या पोटात थंडी फार होती, पण ती खोळ अंगावर होती.

तिथले दिवस मी कधी विसरणार नाही. चर्चमध्ये, शाळांमध्ये, म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात आमची मुले गायली. हळदीच्या गाण्यातला एक शब्द कुणाला कळत नव्हता, तरी लोक पायाने ठेका धरत. मंजुषा ताठ बसून वाजवी आणि गुरुजी बाजूला उभे राहून डोळे मिटून घेत. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस ते. आणि तिथेच माझा घात झाला.

निरोपाचा कार्यक्रम होता. ज्या शाळेत आम्ही उतरलो होतो, तिथल्या मुख्याध्यापक बाई माझ्याजवळ आल्या. उंच, करड्या केसांच्या, बोलायला मोजक्या. त्यांनी माझ्या झाकणावर हात ठेवला आणि काही म्हणाल्या. हिंदी शिकलेला एक तरुण दुभाषी सोबत होता. तो म्हणाला, "कहती हैं, बहुत सुंदर है."

तातेराव सरांचा ऊर भरून आला. एवढा पाहुणचार झाला होता, एवढ्या टाळ्या मिळाल्या होत्या. त्यांनी हात जोडले. "पसंद आई? तो रख लीजिए. आपकी ही समझिए."

तुम्ही गोरेगावचे असता तर हसून पुढे गेला असता. आता बाईंनी "छे छे, असू द्या, तुमच्या मुलांना लागेल" म्हणायचे, सरांनी आणखी आग्रह करायचा, बाईंनी कानाला हात लावायचा आणि मग सगळ्यांनी चहा प्यायचा. पण त्या देशात 'घ्या' म्हणजे घ्या. दुभाष्याने सांगितले, बाईंचे डोळे भरून आले, त्यांनी मला दोन्ही हातांनी उचलले आणि सगळे सभागृह टाळ्या वाजवत उभे राहिले.

सरांचा हात नकळत माझ्या कडीवर आला होता. तो बाजूला घ्यायला त्यांना जरा वेळ लागला. गुरुजी जमिनीकडे पाहत होते. मंजुषाच्या हातात माझी खोळ होती, नुकतीच काढलेली.

मुले बसमध्ये बसली. खिडकी उघडी होती, म्हणून मला दालनातून ऐकू आले.

"सर, पेटी काहून दिली?" मंजुषाचा आवाज होता.

"आगं, मी दिली कुठं! मी नुसतं म्हणलो. न्हाई म्हणायचं त्यांचं काम होतं."

"मग मागून घेऊ ना परत. आमी काय वाजवावं आता?"

"येडी का काय? दिलेली चीज परत मागतात का? गावाचं नाक जाईल पोरी."

बस निघाली. माझी खोळ मंजुषाबरोबर गेली आणि मी मागे राहिले.

मला काचेच्या कपाटात ठेवले, तो माझा मोठा मान होता. खाली पाटी लावली: गोरेगाव, परभणी जिल्हा, भारत. दुसरी पाटी त्याहून ठळक होती: हात लावू नये. आणि खरोखर कुणी हात लावला नाही. मुले येत, काचेला नाक चिकटवत, बाई त्यांना माझी गोष्ट सांगत, मुले मान डोलावत आणि जात. दर आठवड्याला एक माणूस कपड्याने काच पुसे. त्याने मला कधी पुसले नाही, कारण मला धूळच लागत नव्हती.

मला कुणी अडगळीत फेकले असते, तर निदान रागावता तरी आले असते. इथे सगळे माझे कौतुक करत होते, मग रागावायचे कुणावर? हिवाळ्यात खोली गरम करत, त्या कोरड्या हवेने माझ्या अंगाला चीर गेली. भात्याचे कातडे कडक झाले. पितळेचे सूर न बोलून काळवंडले. मला शिजवलेल्या हळदीचा वास आठवे, सेनगावच्या जीपवाल्यांची ओरड आठवे, गुरुजींचा "दम लागून राहिला" आठवे. मला फार एकटे वाटे, मित्रांनो. तुमच्यापासून काय लपवू?

अशी अकरा वर्षे गेली. मग दोन हजार सात सालच्या पानगळीत एक बाई आत आली. अंगात जाड कोट, खांद्याला पिशवी. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "ओळखलंस का गं?"

मंजुषा होती! पुण्यातल्या एका कंपनीने तिला कामासाठी जर्मनीला पाठवले होते. येऊन थोडेच दिवस झाले होते आणि पहिल्या सुट्टीला ती रेल्वेने मला शोधत आली होती. तिने पाटी वाचली आणि हसली. "आता आपला जिल्हा हिंगोली झाला. तुला कोन्ही सांगितलंच न्हाई." मग काचेजवळ तोंड आणून म्हणाली, "गुरुजी लई थकले. मी निघाले तं म्हणले, पेटी भेटली तर घेऊन ये माय, एकदा कानानं ऐकतो."

मी तिच्या पिशवीकडे पाहिले. पिशवीच्या तोंडातून हिरव्या लुगड्याचा लाल काठ डोकावत होता. ती माझी खोळ घेऊन आली होती!

मुख्याध्यापक बाईंचे केस आता पांढरे झाले होते. मंजुषाने आपण कोण हे सांगताच त्यांनी तिचे दोन्ही हात धरले, टेबलावरची किल्ली आणली आणि कपाट उघडले. मंजुषाने भाता हलवला. चिरेतून निम्मा वारा निसटला, मला धाप लागली, पण मी गायले. हळदीचेच गाणे होते. धैवत दबून बसला आणि तिच्या करंगळीने तो उचलला, जसा काही कालच उचलला होता. तिचे डोळे वाहत होते, तरी एक सूर चुकला नाही.

बाई सगळे पाहत होत्या. गाणे संपल्यावर त्या इंग्रजीत म्हणाल्या, "ही तुझी आहे. घेऊन जा."

मित्रांनो, ते ऐकून माझा जीव भात्यात गोळा झाला. घर! गुरुजींची ओसरी! मी मंजुषाच्या तोंडाकडे पाहत राहिले.

आणि मंजुषा म्हणाली, "नको नको. असं कसं? तुमचीच आहे ती."

नुसते तोंडाने म्हणाली. हात पिशवीच्या तोंडाशी होता, खोळीचा काठ बोटांत होता. ती फक्त बाईंच्या दुसऱ्या बोलण्याची वाट पाहत होती. दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. मला दिसत होते सगळे. मी ओरडले असते, पण भाता तिच्या हाताखाली निपचित होता.

बाईंनी पुन्हा विचारले नाही. मग मायेने मान डोलावली, तिच्या पाठीवर हात ठेवला, मला कपाटात सारले आणि किल्ली फिरवली.

मंजुषा बराच वेळ तिथेच उभी होती, अगदी तातेराव सर उभे होते तशी. दारापर्यंत गेली, वळून पाहिले, खोळीचा काठ पिशवीत आत सारला आणि निघाली. त्यानंतर ती आली नाही. तिच्यावर माझा राग नाही. तिला ते वळण चिमटा काढून लावलेले आहे.

तुमच्या शाळेत कपाटावर एखादी पेटी कापडाखाली पडली असेल, तर तिला खाली काढा. ती मोडेल म्हणून भिऊ नका. वाजवून मोडलेली पेटी दुरुस्त होते, न वाजवता जपलेली आतून मरते. तिला हात लावा, तिचा हट्टी सूर कोणता ते ओळखून घ्या.

आणि तुमच्यापैकी कुणी गोरेगावकडे गेले, तर माझे एक काम करा. मंजुषा सुट्टीला माहेरी येत असेल. तिला सांगा, बाई अजून शाळेत येतात, किल्ली त्यांच्या टेबलावरच असते. या वेळी कुणी विचारायचीसुद्धा वाट पाहू नकोस, तूच माग. गुरुजी ओसरीवर बसून आहेत. आणि येताना खोळ आण.