शुद्ध आली

आत बोटभर गाळ आणि वर ठळक अक्षरांत मी. टाकीवर मला रंगवलंत, तेव्हा आत डोकावला होतात का कारभारी? पाप तुमचं, शिव्या मला.

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. शुद्ध. तुपाला, सोन्याला, गवयाच्या सुराला मी लागलो की लोक खूश व्हायचे. थापेलाही लागलो. शुद्ध थाप म्हणजे जिच्यात खऱ्याचा थेंब नाही ती. आणि माणसाची जाणही मीच. ती गेली की म्हणतात, शुद्ध हरपली.

पण माझंच नाव सांगून माणसांनी माणसांना पाणवठ्यावरून हाकललं. त्याची मला अजून किळस येते. म्हणून वडूजजवळच्या या गावात सगळ्यांच्या टाकीवर 'शुद्ध पाणी' लिहिलं, तेव्हा बरं वाटलं. ज्यांच्या आज्या-पणज्यांना हाकललं होतं, त्या पारूबाईंची घागरही याच नळाखाली भरू लागली.

माझा रंग उडाला की नवा हात मिळायचा. टाकी मात्र कुणी घासली नाही. पारूबाई म्हणायच्या, "पाण्याला वास येतोय." पंचायतीत पाण्याचं बघणारा कृष्णात माझ्याकडं बोट करायचा. "वर काय लिवलंय, वाचा की."

यंदा पारूबाईंच्या नातीला, मायाला, उलट्या-जुलाब लागले. नळापाशीच ती कोसळली. शुद्ध हरपली. तिचा बाप प्रबुद्ध तिला वडूजच्या दवाखान्यात घेऊन गेला. तपासणीला पाण्याची बाटलीही नेली.

पारूबाई टाकीखाली बसून राहिल्या. कृष्णात आला.

"मावशी, पोरीनं गाड्यावरची कुल्फी खाल्ली आसंल."

"गावातली निम्मी पोरं झोपून हाईत. समद्यांनी कुल्फीच खाल्ली व्हय रं?"

तेवढ्यात पारूबाईंचा फोन वाजला. खरखरीतून प्रबुद्धचा आवाज आला, "आये, शुद्ध आली गं." आणि फोन तुटला.

कृष्णात खुलला. "आयकलंसा? पाण्याची तपासणी शुद्ध आली. मी म्हणत हुतो न्हवं?"

पारूबाईंनी पदर डोळ्याला लावला. "आरं गाढवा, पोरीला शुद्ध आली."

पुन्हा फोन लागला. या वेळी मायाच बोलली, "आज्जे, मला पोहे पायजेत."

म्हातारी रडता रडता हसली. "आधी पेज खा, भवाने."

मित्रांनो, माझाही जीव भांड्यात पडला. इतकी वर्षं कशाकशाला लागलो, पण त्या पोरीला आलो, तेव्हा जन्माचं सार्थक झालं.

पाण्याचा निकाल नंतर आला. पिण्यास अयोग्य.

मला जपायचं असेल तर रंग नको. झाकण उघडा, आत उतरा, घासा. मग मला लिहिलं नाही तरी चालेल.

माया घरी आल्यावर पारूबाई पंचायतीत गेल्या. खुर्चीत बसलेल्यांना म्हणाल्या, "माझी नात आली शुद्धीवर. तुमी कवा येनार?"

मीही तेच विचारतो, कारभारी. टाकी कोण धुणार आणि कधी, ते सांगा.