पाचवं काडतूस

“मूठ आणखी वरून धर. आणि डोळे मिटू नकोस गं!” मी ओरडलो.

डेलानं बापाच्या रिव्हॉल्व्हरमधून हलक्या काडतुसांचे पाच बार काढले. माझ्या बंदुकांच्या दुकानामागच्या मातीच्या बांधाशी मी पाण्यानं भरलेले पाच कॅन एकामागे एक मांडले होते. गोळ्या तीन कॅन फोडून चौथ्यात थांबल्या. पाचही नेम बरोबर, हातही शाबूत.

“झकास! हीच घेऊन जा.”

“अस्वलाला पुरतील, आर्व्हिडकाका?”

काय सांगणार, कप्पाळ! सोमवारपासून ती पाटकरी म्हणून कालव्यावर जाणार होती. बारा मैलांचा पाट, दारं उघडायची, पाडायची, आणि काठच्या झुडपांत अस्वलं. तिचा बाप ऑरिन हॉगन याच कामावर होता. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या दारापाशी अस्वलानं त्याला मारलं. हातात हेच रिव्हॉल्व्हर होतं. चार काडतुसं उडालेली, पाचवं तसंच. ऐनवेळी ऑरिनचे हातपाय गळाले, असं गावभर बोललं गेलं. कॅफेत नेहमीच्या गिऱ्हाइकांचे नाव लिहिलेले कप खुंट्यांना असतात; तिथून त्याचा कपसुद्धा काढला गेला. आणि हे पहिल्यांदा बोललो होतो मीच.

“आता बाबाची जोरदार काडतुसं द्या,” डेला म्हणाली.

“अगं, रिव्हॉल्व्हर हे एवढंसं, पिसासारखं. हिसका सगळा हातावर येतो.”

“बाबानं सोसला ना?”

दिली, आणि नवे कॅन भरून मांडले. पहिली गोळी पाचही कॅन फोडून बांधात शिरली आणि तिचा हात कपाळापर्यंत उडाला. दुसऱ्या बाराला अंगठ्याजवळची कातडी फाटली. पुढचे दोन बांधाच्या वरच्या कडेला लागले.

“पुरे झालं, डेला!”

“एक राहिलाय.”

तिनं घोडा ओढला. काही नाही. पुन्हा ओढला.

“काका, बोटच चालत नाहीये माझं. मीही बाबासारखीच भित्री निघाले!”

मी रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, तोंड बांधाकडेच ठेवून. घोडा मलाही ओढेना. लाकडी दांड्यानं हळूहळू ठोकत काडतुसांचं चक्र उघडलं, तेव्हा दिसलं. चार बारांच्या हिसक्यानं पाचव्या काडतुसातलं शिसं पुढं सरकलं होतं आणि चक्र अडवून बसलं होतं.

ऑरिनचं चक्रही ठोकून उघडावं लागलं, असं तेव्हा तपासाला आलेला डेप्युटी शेरीफ म्हणाला होता. मी दुकानदार, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

डेलानं खिशातून बापाचं ते उरलेलं काडतूस काढलं. दोन वर्षं ते तिच्याजवळच होतं. मी खोक्यातलं नवं त्याच्याशेजारी उभं केलं. बापाचं तांदळाच्या दाण्याइतकं जास्त उंच होतं; त्याचंही शिसं पुढं सरकलेलं.

“तो शेवटपर्यंत घोडा ओढत होता गं,” मी म्हणालो. “ही काडतुसं मीच दिली त्याला. वर म्हटलं, यापेक्षा दांडगं काही मिळायचं नाही. आणि भित्राही मीच म्हटलं.”

ती रडली नाही. हाताला रुमाल गुंडाळत म्हणाली, “मला काय सांगताय? कॅफेत चला, सगळ्यांना सांगा.”

जेवणाची वेळ, कॅफे भरलेला. मी काउंटरवर दोन्ही काडतुसं उभी केली आणि सगळ्यांदेखत सगळं सांगितलं. काही गाळलं नाही.

कॅफेवाली इंगा आत गेली. बराच वेळ भांडी सरकवल्याचा आवाज येत राहिला. मग तिनं ‘हॉगन’ लिहिलेला कप धुऊन आणला, कॉफीनं भरला आणि डेलासमोर ठेवला.